झिजलेले सिलिंडर आणि नवे अस्तर

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत इंजिनावर लेख कशाला, असे काही सभासदांस वाटेल. परंतु आपल्या संस्थेची जुनी अँबॅसडर रुग्णांना इस्पितळात पोहोचविते, हे घरोघरी ठाऊक आहे. तिच्या दुरुस्तीत देणगीचा पैसा एकदा वाया गेला, आणि देखरेख आमच्याकडेच होती. म्हणून तो हिशेब येथे मांडणे आम्हांस उचित वाटते.

गाडी निळा धूर मारू लागली, ऑइल खाऊ लागली, चढावर दम टाकू लागली. मिस्त्रीने पिस्टनला नुसत्या नव्या रिंगा घालून दिल्या. थोड्याच महिन्यांत धूर पूर्ववत! दोष एकट्या मिस्त्रीचा नव्हे. काम स्वस्तात होते म्हणून आम्ही मान डोलावली आणि मोजमाप मागितले नाही.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो, तेथे उष्णता फार व तेलाचा थर अगदी पातळ; म्हणून वरच्या रिंगेपाशी झीज सर्वांत अधिक. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होताना पिस्टनला बाजूच्या भिंतीवर दाबतो, त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होते. हवेच्या गाळणीतून धूळ शिरली, तर हीच झीज कैक पटींनी लवकर होते. अशा लंबगोल भोकात नवी गोल रिंग टेकणार कशी? उलट, वर न झिजलेला जो कंगोरा उरतो, त्यावर आपटून ती मोडण्याचेही भय असते.

यास्तव प्रथम मोजावे. डायल गेजने वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे माप घ्यावे. झीज दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास गेली, तर रिंगांनी भागत नाही. भोक मोठे करून मोठा पिस्टन घालावा लागतो. आपल्या गाडीच्या १४८९ घन सेंटिमीटर इंजिनाचे मूळ भोक सुमारे ७३ मिलिमीटर. ते १०, २०, ३० वा ४० हजारांश इंचाने वाढविता येते. दुसऱ्या वेळी हेड उघडले, तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर ०४० हा आकडा दिसला. म्हणजे वाढविण्यास जागा उरलीच नव्हती. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तेव्हा ब्लॉक भंगारात टाकणे म्हणजे गाडीच टाकणे.

येथे लायनर, म्हणजे सिलिंडरचे अस्तर, कामास येते. ही बिडाची पातळ नळी. अनेक ट्रक-ट्रॅक्टरांत तिच्याभोवती पाणी खेळते व ती सहज बदलता येते. आपल्या इंजिनात मात्र ती ब्लॉकमध्ये घट्ट बसवावी लागते. प्रथम ब्लॉक धुऊन तडा नाही ना, हे पाहतात. मग भोक मोठे करतात, पण लायनरच्या बाह्य मापापेक्षा काही शतांश मिलिमीटर लहानच ठेवतात. तो आवळ बसणे हीच त्याची पकड. नळी प्रेसने सरळ उतरवितात. दाबाने ती किंचित आकसते, म्हणून आतील अखेरचे माप बसविल्यानंतरच काढावयाचे. शेवटी होनिंगच्या दगडांनी भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्यांत तेल टिकते.

यानंतरची धुलाई फार महत्त्वाची. नुसत्या रॉकेलने दगडाची पूड निघत नाही; गरम पाणी व साबण हवा. मग पांढरे फडके तेलात भिजवून आतून फिरवावे. करडी छटा उठली तर पुन्हा धुवावे. रिंगेच्या तोंडांतील फटही सिलिंडरात ठेवून तपासावी. येथे ती साधारण पाव मिलिमीटर असते.

चारही लायनर बसून मूळ मापाचे पिस्टन पडले. पहिले हजार किलोमीटर गाडी ताणली नाही, नंतर ऑइल बदलले. आज ती धूर न काढता चढ चढते.

देणगीचा पैसा ही अमानत आहे. गाडी घरची असो वा संस्थेची, दुरुस्तीस होकार देण्यापूर्वी मापांचा कागद मागावा, एवढीच आमची सभासदांस विनंती.