माशीचा आठवडा

आंब्याचा हंगाम उतरणीला लागतो, पहिल्या सरी पडून जातात आणि सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात माश्यांचं राज्य सुरू होतं. ओट्यावर झाकण बाजूला राहिलेलं पातेलं, कोपऱ्यात सोललेल्या आंब्याच्या साली, मोरीशेजारचं खरकटं, काहीच सुटत नाही. मग दुकानातून स्प्रे येतो, कापूर जळतो, लिंबात लवंगा खोचल्या जातात. तासाभराने माश्या पुन्हा हजर.

वाकोल्याची रचनाच माश्यांच्या सोयीची आहे. वाकोला नाला इथून वाहत जाऊन मिठी नदीला मिळतो. जुन्या गावठाणाच्या गल्ल्या, दाट चाळी आणि वस्त्या, मध्येच उभे राहिलेले टॉवर, भाजीच्या हातगाड्या, मासळीच्या पाट्या हे सगळं एकमेकांना खेटून. देवनारच्या डंपिंग ग्राउंडला नावं ठेवायची मुंबईकरांना सवय आहे, पण तिथली माशी काही रोज वाकोल्यात चहाला येत नाही. घरमाशी बहुधा जन्मल्या जागेपासून एक-दोन किलोमीटरच्या टापूतच वावरते. म्हणजे जेवणाच्या ताटावर बसलेली माशी आपल्याच गल्लीतली असण्याची शक्यता मोठी.

तिचं बाळंतपण पाहिलं की बाकीचा उलगडा होतो. मादी ओल्या, कुजत्या पदार्थात एका वेळी शंभरेक अंडी घालते आणि आयुष्यात अशा चार-पाच खेपा करते. मुंबईच्या उकाड्यात अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. बाहेर पडलेल्या पांढुरक्या अळ्या चार-पाच दिवस खा-खा खातात आणि मग, इथेच बहुतेकांचं लक्ष चुकतं, त्या ओल्यातून बाहेर पडून कोरडी जागा शोधतात. कचऱ्याच्या ड्रमखालची माती, फरशीची फट, कुंडीच्या बुडाशी साचलेला गाळ. तिथे अळीभोवती तांबूस-तपकिरी कोष तयार होतो, गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा, आणि काही दिवसांत त्यातून माशी निघते. अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा प्रवास उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांत उरकतो. पालिकेची गाडी ड्रम रिकामा करून गेली तरी ड्रमखालचे कोष जागेवरच राहतात. ‘कचरा तर रोज उचलतात, मग माश्या येतात कुठून?’ या सोसायटीच्या सभेतल्या प्रश्नाचं उत्तर त्या ड्रमच्या बुडाखाली असतं.

नुसता त्रास म्हणून माशी सोडून देता येत नाही. तिला चावता येत नाही, चघळता येत नाही. घट्ट पदार्थावर ती आधी लाळ आणि पोटातला द्रव ओकते, तो विरघळवते आणि मग शोषते. चव तिला पायांनी कळते, त्यामुळे पाय सतत कशात ना कशात. १८९८च्या अमेरिका-स्पेन युद्धात अमेरिकी सैनिकांच्या छावण्यांत टायफॉइडने थैमान घातलं. चौकशीला नेमलेल्या वॉल्टर रीड यांच्या मंडळाला दिसलं, की शौचखड्ड्यांत टाकलेला चुना पायांना लावून माश्या जेवणाच्या पानांवर फिरत आहेत. पांढऱ्या पायांच्या त्या माश्यांनी वकिली करायला जागाच ठेवली नाही. पुढे पाकिस्तानातल्या खेड्यांत फवारणी करून माश्या कमी केल्या, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब २३ टक्क्यांनी घटले; हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

मग घरातही फवारायला काय हरकत? हरकत अशी, की माशीला औषध फार लवकर पचतं. डीडीटी आलं तेव्हा जग हरखून गेलं होतं, त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. पण त्या नोबेलच्या दोनेक वर्षं आधीच स्वीडनमध्ये डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या सापडल्या होत्या. शिवाय स्वयंपाकघरात स्प्रे मारणं म्हणजे उघड्या अन्नावर मारणंच. पालिकेच्या कीटकनाशक खात्याची धुराची फेरी मुख्यतः डेंग्यू-मलेरियाच्या डासांसाठी असते. त्या धुराने कचऱ्यातल्या अळीचं काही बिघडत नाही. झुरळांसाठीचा खडू ओढून उडती माशी कशी मरणार, हे तो ओढणाऱ्यांनाच ठाऊक. दुकानाच्या दारात टांगलेल्या पाण्याच्या पिशव्यांच्या गुणाचाही भरवशाचा पुरावा नाही. त्या मानाने हलवायाचा टेबल फॅन शहाणा. जोराच्या वाऱ्यात माशीला नीट उडता-बसता येत नाही.

घरात दिसणारी प्रत्येक माशी मात्र घरमाशी नसते. केळ्यांवर घिरट्या घालणारी लाल डोळ्यांची चिलटं वेगळी. वाटीत व्हिनेगर घेऊन त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकला, की द्रवाच्या पृष्ठभागावरचा ताण मोडतो आणि ती बुडतात. पण पिकलेली केळी उघडी ठेवून वाट्या मांडत बसण्यात अर्थ नाही. न्हाणीघराच्या भिंतीवर बसलेली, पतंगासारखी केसाळ, करडी माशी तिसरीच. ती मोरीच्या जाळीखालच्या नळीत साचलेल्या बुळबुळीत थरात वाढते. शंका असेल तर रात्री जाळीवर चिकटपट्टी उलटी, थोडी फट ठेवून लावावी. सकाळी तिला माश्या चिकटलेल्या दिसल्या, तर दोष नळीचा. मग फिनाईल ओतून भागत नाही, तो थर लांब दांड्याच्या ब्रशने खरवडूनच काढावा लागतो.

घरमाशीवर उपाय एकच, तिचा आठवडा पुरा होऊ द्यायचा नाही. ओल्या कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा आणि तो रोज रिकामा झाला पाहिजे. पिशवी फाटून तळाशी गळलेलं पाणी दिसत नाही, म्हणून डबा धुऊन उन्हात उपडा घालायचा. मासळी साफ केल्यावर कल्ले-आतडी कागदात घट्ट गुंडाळून त्याच दिवशी बाहेर. सोसायटीचे ड्रम मातीवर नकोत. सिमेंटच्या कोरड्या चौथऱ्यावर ठेवले आणि खालची जागा आठवड्यातून दोनदा खरडून धुतली, तर कोषांना थारा उरत नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणं सक्तीचं केलं. सुका वेगळा झाला की ओला थोडका उरतो, आणि थोडक्या कचऱ्यावर झाकण बसतं. खिडक्यांना जाळी लावायची ती यानंतर.

हे सगळं केल्यावरही दोन-तीन आठवडे माश्या दिसत राहतील, कारण आधीच उडत असलेल्या माशीचं आयुष्य तेवढं असतं. या काळात प्लॅस्टिकची जाळीदार माशीमारणी कामाला येते. भोकांमधून हवा निघून जाते, त्यामुळे वाऱ्याच्या झोताने माशी आधीच सावध होत नाही.