मातीविना काकडी लागवड : माध्यम व सिंचन यांचा मेळ

प्रस्तावना : धार जिल्ह्यातील डही हा भाग नर्मदा खोऱ्यात येतो. येथील काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते व उन्हाळ्यात भेगा पडतात. काकडीची मुळे नाजूक असतात. त्यांना ओलावा व हवा एकाच वेळी लागते. अशा ठिकाणी शेडनेट किंवा पॉलीहाऊसमध्ये मातीविना लागवड हा एक पर्याय आहे. मात्र मातीबरोबर तिची चूक पोटात घालण्याची शक्तीही जाते. म्हणून माध्यम व सिंचन यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

माध्यम : नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा म्हणजे कोकोपीट. ते पाणी चांगले धरते; परंतु त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार असतात. त्यामुळे वापरण्यापूर्वी ते गोड्या पाण्याने धुवून कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवतात व पुन्हा धुतात. परलाइट हा उष्णतेने फुलवलेला ज्वालामुखीजन्य खडक होय. तो हवा खेळती ठेवतो, पण पाणी कमी धरतो. म्हणून परलाइटच्या पिशवीला कोकोपीटपेक्षा अधिक वेळा पाणी द्यावे लागते.

सिंचन : पोषकद्रव्ये पाण्यातूनच ठिबकने दिली जातात. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.० व विद्युत वाहकता साधारण २.० ते २.५ डेसीसायमन प्रति मीटर ठेवतात. विहीर किंवा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार आधी तपासावेत. पाणी एकदम न देता दिवसभरात थोडेथोडे, उन्हाच्या वेळी अधिक वेळा द्यावे.

निचऱ्याची परीक्षा : पाणी पुरेसे आहे की नाही हे पिशवीतून निथळणाऱ्या पाण्यावरून कळते. एका झाडाला दिवसभरात २ लिटर द्रावण दिले व ५०० मिलिलिटर निथळले, तर निचरा २५ टक्के झाला. २० ते ३० टक्के निचरा योग्य समजतात. दिलेल्या द्रावणाची वाहकता २.० आणि निचऱ्याची ३.५ असेल, तर मुळांशी क्षार साचत आहेत. अशा वेळी झाड कोमेजलेले दिसते. शेतकरी खत वाढवतो आणि पीक हातचे जाते. खरा उपाय म्हणजे द्रावण सौम्य करून निचरा वाढवणे.

निष्कर्ष : कम्युनिटी कॉलेजमध्ये हा पाठ चार पिशव्या, एक मोजपात्र व एक वाहकतामापक एवढ्यावर शिकवता येतो. विद्यार्थ्यांनी रोज दिलेले व निथळलेले पाणी मोजून नोंदवावे. निथळलेले पाणी वाया न घालवता मातीतील इतर झाडांना द्यावे. महागडी यंत्रणा उभारण्यापूर्वी ही नोंदवही लिहिण्याची सवय लागणे, हेच या शिक्षणाचे पहिले फळ होय.