बिघडलेला मोसम आणि धनगरांची वाट

स्वारगेटच्या स्थानकातून फलटण-बारामतीकडे सुटणाऱ्या गाड्या ज्या मुलखात जातात, तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पावसावर गुजराण करणारा मुलूख होय. तेथील हटकर धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे, घोडी, कुत्री यांसह सारा संसार घेऊन वाड्यावाड्याने, म्हणजे फिरत्या तळांच्या गटांनी, बाहेर पडतात, मावळ-कोकणातील भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा रोकड घेतात आणि मृगाच्या तोंडावर माघारी फिरतात. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा-म्हस्कोबा या दैवतांच्या परंपरांतून आणि कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ यांनी परिस्थितिविज्ञानाच्या अंगाने या समाजाचा अभ्यास केला. त्यावरून एवढे निश्चित होते, की ही भटकंती स्वैर नसून पावसाच्या नियमितपणावर उभारलेली शिस्तबद्ध व्यवस्था आहे.

तो नियमितपणाच आता ढळला आहे. पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस आणि बोचरे वारे एकदमच आले, तेव्हा जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागांत शेकडो मेंढ्या दगावल्या. वाड्याला छप्पर नसते. खुंट्यांना ताणलेली वाघर, म्हणजे जाळी, कळपाला आवरते, पाऊस अडवीत नाही. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर भिजून जड झाली, की थंडी हाडांत शिरते, आणि त्यात पहिली जातात ती तान्ही कोकरे. पुढे २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि त्याच सुमारास बारामती-फलटण परिसर जलमय झाला. परतीचा काळ आणि पुराचा काळ एकच ठरला.

रशियाच्या यामल द्वीपकल्पातील रेनडियर पाळणाऱ्या नेनेत्स लोकांचे दुःख याच जातीचे आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे हिमावर पाऊस पडून गोठला, दगडफूल बर्फाच्या कवचाखाली गेले आणि सुमारे ६१,००० रेनडियर उपासमारीने मेले. संकटात स्थलांतर करावे, हा पशुपालकांचा पुरातन उपाय. परंतु तिकडे नैसर्गिक वायूच्या उद्योगाने आणि इकडे ऊस, बंदिस्त वनक्षेत्र व वाढत्या वस्तीने वाटाच आखूड केल्या आहेत.

सरकारी दप्तर मात्र अद्याप स्थिर गावाच्या हिशेबानेच चालते. मदतीसाठी पंचनामा हवा, आणि वाडा तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शिवारात असतो. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनी मेंढीमागे ४,००० रुपये ठरवून कुटुंबास ३० लहान जनावरांची मर्यादा घातली. शंभर मेंढ्या गमावणाऱ्याच्या सत्तर मेंढ्या अशा प्रकारे हिशेबाबाहेर राहतात. ही मर्यादा उठवावी, मेंढरू जेथे मरेल तेथील तलाठ्याने पंचनामा करून तो मूळ तालुक्यात ग्राह्य धरावा, आणि हवामानखात्याचा इशारा वाड्यावरच्या मोबाइलवर मराठीत वेळेवर पोचावा. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही, केवळ हुकूम लागतो.