सायक्लोफॉस्फमाइड घेणारा रुग्ण आणि आपले कर्तव्य

कुंडल परिसरातील कर्करोगाचा रुग्ण मिरज, कराड अथवा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार घेऊन गावी परततो. पुढे ताप आला, लघवीस जळजळ झाली, तर तो प्रथम गावच्या वैद्याकडेच येतो. म्हणून सायक्लोफॉस्फमाइड या औषधाचा परिचय आपणास असणे अगत्याचे आहे.

हे अल्किलकारक वर्गातील औषध असून अमेरिकेत त्यास १९५९ साली मान्यता मिळाली. स्तनाचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग इत्यादींत ते शिरेतून किंवा गोळीच्या रूपाने देतात. यकृतात रूपांतर झाल्यावर ते पेशींच्या डीएनएला बद्ध करून त्यांचे विभाजन रोखते. वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशीही त्यातून सुटत नाहीत.

ज्वर : शिरेतून मात्रा दिल्यावर साधारणतः ८ ते १४ दिवसांत श्वेतपेशी सर्वांत कमी होतात. या काळात ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) वा अधिक ताप आल्यास तो आत्ययिक समजावा. नवज्वरात लंघन हा आपला परिपाठ येथे लागू नाही. ज्वरघ्न कल्प देऊन वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

मूत्र : या औषधापासून तयार होणारे ॲक्रोलिन मूत्राशयाच्या अंतस्त्वचेस इजा करते. मोठ्या मात्रेबरोबर त्यासाठी मेस्ना देतात. गोळी सकाळी घ्यावी. हृदय वा वृक्काच्या विकारामुळे मनाई नसल्यास दिवसभरात दोन ते तीन लिटर पाणी प्यावे व लघवी तुंबवू नये. द्राक्षबागेत वा उसाच्या फडात काम करणाऱ्यांना हे आवर्जून सांगावे. लाल मूत्र दिसताच केवळ मूत्रकृच्छ्र समजून चंदनासव देत न बसता कर्करोगतज्ज्ञांना कळवावे.

आपली औषधे : पेशी वाढाव्यात या सद्हेतूने गुळवेल किंवा भस्मयुक्त कल्प परस्पर सुरू करू नयेत. ज्या विकरांमुळे हे औषध कार्यक्षम होते, त्यांवर काही वनस्पतींचा परिणाम होतो. शिवाय यकृत व वृक्क यांवर आधीच भार असतो. रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक कल्पाची लेखी यादी तज्ज्ञांकडे पाठवावी.

औषधविक्रेत्यांसाठी : गोळी तोडू नये; खलात घोटून मधातून देणे तर सर्वथा वर्ज्य. हातमोजे घालावेत व गोळ्या मोजण्याची थाळी स्वतंत्र ठेवावी. गर्भवती व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी ती हाताळू नये. सायक्लोस्पोरिन, सायक्लोसेरीन या सदृश नावांशी गफलत टाळावी. स्तनाच्या कर्करोगातील सीएमएफ पद्धतीत गोळ्या २८ दिवसांपैकी पहिले १४ दिवसच असतात. रोजचे औषध समजून त्या चालू राहिल्यास प्राणावर बेतू शकते. यास्तव जुन्या चिठ्ठीवर गोळ्या पुन्हा कधीही देऊ नयेत.

उपचारकाळात गर्भधारणा टाळणे आवश्यक आहे, हे रुग्ण स्त्री असो वा पुरुष, संकोच न करता सांगावे. रुग्णाच्या विश्वासामुळे पहिली हाक आपल्याला येते. वेळीच ओळखणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे हीसुद्धा चिकित्साच होय.