पडलेली गाडी घ्यावी का?

जुनी मोटारसायकल विकत घेणे ही आपल्या घरांत काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला किंवा मुलीला औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, की दुसऱ्या गाडीचा विषय निघतोच. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत तिची किंमत लाखाच्या घरात जाते. मग कोणीतरी सुचवते, ‘अमक्यांच्याकडे एक गाडी आहे. तीनच वर्षे झालीत. जरा पडलेली आहे, पण स्वस्तात मिळेल.’ या वाक्यातील ‘जरा’ या शब्दाची किंमत नेमकी किती, हे ठरवणे हाच खरा व्यवहार असतो.

गाडी पडणे आणि गाडी धडकणे यांत मोठा फरक आहे. उभी गाडी स्टँडवरून कलंडली किंवा ओल्या वळणावर घसरली, तर आरसा फुटतो, इंडिकेटर तुटतो, सायलेन्सर आणि लेग गार्ड खरवडतात, फूटरेस्ट वाकते. या खुणा डोळ्यांना फार खुपतात, पण त्यांच्यामुळे गाडीच्या चालण्यात बिघाड होत नाही. उलट समोरून धडकलेली गाडी नवे हेडलाइट आणि नवा मडगार्ड लावून, रंग देऊन उभी केली, तर नवीच भासते. तिचे दुखणे मात्र आत असते. खरवडलेल्या गाडीपेक्षा फार चकचकीत गाडीची मला अधिक धास्ती वाटते, ती त्यामुळेच.

आमच्या पुतण्यापुढे हाच प्रश्न आला होता. सांगलीहून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रोजचे जाणे-येणे, दीडशे सीसीची गाडी, बाजारभाव सुमारे ७० हजार आणि मागितलेली किंमत ४५ हजार. विकणारे गृहस्थ आमच्या थोरल्या बंधूंच्या जुन्या परिचयातले. अडचण तिथेच होती. अनोळखी दुकानदाराला दहा प्रश्न विचारता येतात. घरोबा असलेल्या माणसाला ‘अण्णा, गाडीची टाकी काढून दाखवता का?’ असे विचारताना जीभ अडखळते. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते अशा वेळी आठवावे. त्यातून ज्याच्या जिवावर ती गाडी चालणार, तो घरचा मुलगा असतो.

पाहणी नेहमी दिवसाउजेडी आणि स्वतःच्या माहितीतला मेकॅनिक बरोबर घेऊन करावी. सर्वांत आधी पाहायचा तो गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी. हँडल ज्या नळीत फिरते, त्या नळीच्या मागे-खाली रंगाला बारीक भेगा, सुरकुती किंवा एखाद्या ठिकाणीच ताजा रंग दिसला, तर पुढील चर्चेची गरज उरत नाही. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवल्यावर ते जिथे अडते, तो छोटा लोखंडी अडसरही पाहावा. समोरच्या जोरदार धडकेत तो बहुधा चेपतो, आणि रंगकाम करणाऱ्याचे लक्ष तिथे क्वचितच जाते. सांगाड्याचा एवढा बाऊ का, असे कोणी विचारील. पुढच्या चाकाचा जमिनीशी असलेला कोन त्यावर ठरतो, आणि दुचाकीचा तोल त्या कोनावर. तो थोडा बिघडला, तरी गाडी एका बाजूला ओढते, वेगात हँडल थरथरू लागते. वाकलेली नळी सरळ करून किंवा वेल्डिंग करून देणारे कारागीर आहेत. मात्र तिच्यात पूर्वीची ताकद राहिली आहे, याची हमी कोणी देऊ शकत नाही. सांगाडाच बदलावा म्हटले, तर चासी क्रमांक त्याच्यावरच कोरलेला असतो, त्यामुळे तो विषय परिवहन कार्यालयाच्या परवानगीपर्यंत जातो.

पुढच्या शॉकअपच्या नळ्यांचे तसे नाही. त्या वाकल्या तर नव्या मिळतात, आणि वाकल्या आहेत की नाही हे सपाट काचेवर फिरवून कोणताही जाणता मेकॅनिक दाखवू शकतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक फिरवले की रिम लहरते का, ते कळते. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून धरली की दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, तेही दिसते. हळू वेगात ब्रेक दाबताना लिव्हर बोटाखाली धडधडत असेल, तर डिस्क वाकलेली असू शकते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. त्याचा दिवा चावी फिरवल्यावर लागला पाहिजे आणि गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर तो कोणी मुद्दाम बंद केला आहे का, हे विचारावे.

कागदही बोलतात. मागील वर्षांच्या विम्याच्या प्रती मागून घ्याव्यात आणि त्यांतील ‘नो क्लेम बोनस’ पाहावा. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर तो २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. मधल्याच एका वर्षी तो शून्यावर आला असेल, तर एकतर विम्याचा दावा झाला आहे किंवा विमा बराच काळ खंडित होता. दोन्हींचे कारण विचारण्यासारखे आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते, आणि अशा गाड्यांचे अवशेष विकलेही जातात. अपघातात कोणी जखमी झाले होते का, हेही स्पष्ट विचारावे. पोलिसांनी जप्त केलेली आणि न्यायालयाच्या आदेशाने परत मिळालेली गाडी परवानगीशिवाय विकू नये, अशी अट त्या आदेशात बहुधा असते. बँकेचा बोजा आणि थकीत ई-चलन ऑनलाइन पाहता येतात. त्याला फार वेळ लागत नाही.

पुतण्याच्या गाडीच्या बाबतीत मेकॅनिकने डिस्क, रिम आणि किरकोळ कामे मिळून १२ हजारांचा अंदाज दिला. म्हणजे एकूण ५७ हजार. बाजारभावाहून १३ हजार कमी. मुलगा खूश झाला. थोरल्या बंधूंनी मात्र एक वेगळा हिशेब मांडला: दोन-तीन वर्षांनी ही गाडी आपण विकू, तेव्हा समोरच्याला ‘ही धडकलेली होती’ हे सांगावेच लागेल, आणि तेव्हा तोही आपल्याला एवढीच रक्कम कमी देईल. म्हणजे ते १३ हजार आपण वाचवत नाही, काही काळ उसने घेतो. माझ्या मते पडलेल्या गाडीच्या किमतीचा विचार याच अंगाने करावा.

शेवटी टाकी काढण्याचा विषय निघालाच. गृहस्थांनी आढेवेढे घेतले नाहीत. दहा मिनिटांचे काम होते. टाकीखालच्या नळीवर वेल्डिंगची ओबडधोबड रेघ निघाली. ती पाहून आमच्यापेक्षा तेच अधिक चकित झाले. दुरुस्ती त्यांच्या मुलाने परस्पर करून घेतली होती. व्यवहार तिथेच थांबला, परिचय थांबला नाही. पुढे आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी ती रेघ स्वतःहून दाखवली, असे नंतर कळले. ती गाडी अखेर एका गॅरेजवाल्याने सुट्या भागांसाठी नेली.

सांगाडा निर्दोष असेल, कागद स्वच्छ असतील आणि किंमत वरच्या हिशेबात बसत असेल, तर पडलेली गाडी अवश्य घ्यावी. तिच्यावर चांगली दहा वर्षे काढलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. मात्र पैसे देताना नमुना २९ आणि ३० वर सह्या होऊन ते परिवहन कार्यालयात दाखल व्हायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव, भरपाईच्या दाव्यात मालक तोच. त्यामुळे ही घाई विकणाऱ्याच्याही हिताची आहे. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. पूर्वीच्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही, हे आधीच धरून चालावे. गाडी घरी आल्यावर दोनशे-तीनशे किलोमीटर चालली, की ती एकदा पुन्हा त्याच मेकॅनिककडे न्यावी आणि नवे बसवलेले सगळे नट तपासून आवळून घ्यावेत.