डॉक्टर परगावी, तरी दवाखाना चालू!

पुण्याचे कर्वेनगर असो की आपला तालुका, एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याचे दुखणे एकच. डॉक्टर परगावी गेले की दाराला कुलूप! शेतातही तेच. पाण्याच्या पाळ्या, फवारणी सारे मालकाच्याच डोक्यात असले, तर तो आजारी पडताच पीक वाळते.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. दोन डॉक्टर गावोगाव पुरणार कसे? मग गावानेच निवडलेल्या बायांना त्यांनी शिकवले. पुष्कळजणींना अक्षरओळखही नव्हती. गरोदर बाईवर लक्ष, बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी ही कामे त्यांच्याकडे आली. अवघड रोगी मात्र दवाखान्यात. एकदा शिकवून सोडून दिले नाही. बाया जामखेडला येत राहिल्या, अडचणी मांडत, पुढचे शिकत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम थांबले नाही.

यातून घ्यायचे ते एवढेच. नुसते 'तू बघ गं' म्हणून काम सोपवता येत नाही. काय करायचे, कुठे थांबायचे आणि कोणाला कळवायचे, हे तिन्ही सांगावे लागते. नोंद वहीत हवी. रोग ओळखणे, औषध ठरवणे हे मात्र डॉक्टरचेच काम. ते कंपाउंडरवर टाकू नये.

सरपंच, ग्रामसेवकांनी एकदा आपल्या गावच्या उपकेंद्रात जावे. ही तीन उत्तरे तिथे भिंतीवर लिहिलेली आहेत का, ते पाहावे.