फॉरेस्टर खिंडीतील बर्फ

मेक्सिकोच्या सरहद्दीपासून कॅनडापर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर जाणाऱ्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या पायवाटेचे सर्वोच्च स्थान म्हणजे कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातील सुमारे ४,००० मीटर उंचीची फॉरेस्टर खिंड. आणि जूनच्या आरंभी, वाट हिमाखाली लुप्त असताना, पाठीवर शिधा वाहत तेथे येणाऱ्या पांथस्थाची खरी कसोटी चढापेक्षा वेळेची असते. रात्रीच्या गारठ्याने कठीण झालेला बर्फ पहाटे बुटांच्या लोखंडी काट्यांना पक्का आधार देतो. तोच दुपारच्या उन्हाने भुसभुशीत होऊन पाय मांडीपर्यंत गिळतो आणि आतल्या खडकावर नडगी सोलून निघते. घसरताच बर्फकुऱ्हाडीचे टोक अंगभाराने उतारात रोवण्याचा सराव आधीच झालेला असावा. माझ्या मते खिंडीहून अधिक भय खालच्या ओढ्यांचे. वितळलेल्या पाण्याने ते दुपारनंतर फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत.